न आलेल्या खंडाची नोंद

एखादी कादंबरी रंगात येऊन वाचावी, शेवटच्या पानावर यावे आणि तेथे 'पुढील भाग लवकरच' एवढेच शब्द भेटावेत, हा अनुभव तुम्हांला आलाच असेल. आपण थोडे हळहळतो, पुस्तक ग्रंथालयात परत करतो आणि मनाशी म्हणतो, पुढचा भाग आला की वाचू. सहा महिने जातात, वर्ष जाते. पुढचा भाग येतो, ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

माझ्या घरच्या कपाटात एका ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या दोन प्रती आहेत आणि तिसऱ्याची एकही नाही. दुकानात उभा असताना आपल्याकडे कोणते खंड आहेत हे मला आठवले नाही. अंदाजाने एक उचलला, तो दुसराच निघाला. चूक ध्यानात आली तेव्हा तिसऱ्या खंडाच्या प्रती संपलेल्या होत्या. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एक ते तीन आकडे मोजता येऊ नयेत, अशी घरी अजून थट्टा होते.

वाचायच्या पुस्तकांची यादी माझ्याकडे नव्हती असे नाही. यादी होती आणि तीत त्या ग्रंथमालेचे नावही होते. मग चूक कशी झाली? याचा विचार करू लागल्यावर ध्यानात आले, की ही स्मरणशक्तीची चूक नसून नोंद करण्याच्या पद्धतीची चूक होती. अपुरी ग्रंथमाला यादीत कशी नोंदवावी, हा वरवर किरकोळ दिसणारा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर शोधताना रसायनशास्त्र, ग्रंथालयशास्त्र आणि रांगेचे गणित अशा तीन ठिकाणांहून मदत मिळते. ती कशी, ते आता पाहू.

चार आकडे, तीन वजाबाक्या

एखाद्या भांड्यात वायू भरलेला आहे, एवढे सांगितल्याने त्याच्याविषयी फारसे काही कळत नाही. त्याचा दाब किती, आकारमान किती, तापमान किती, हे सांगितले म्हणजे त्याची अवस्था कळते. ग्रंथमालेचेही तसेच आहे. नुसते नाव लिहिल्याने तिची अवस्था कळत नाही. त्यासाठी चार आकडे लागतात : आपण वाचलेले खंड, आपल्या हाताशी असलेले खंड, प्रसिद्ध झालेले खंड आणि मालेत एकूण होणार असलेले खंड.

समजा, एका मालेचे हे आकडे अनुक्रमे २, ३, ४ आणि ७ आहेत. आता शेजारशेजारच्या आकड्यांची वजाबाकी करा. ३ वजा २ म्हणजे १ : हा एक खंड आजच वाचायला घेता येईल. ४ वजा ३ म्हणजे १ : हा प्रसिद्ध झाला आहे, पण ग्रंथालयात किंवा दुकानात जाऊन मिळवायला हवा. ७ वजा ४ म्हणजे ३ : हे खंड अजून लेखकाच्या टेबलावर आहेत, त्यांची फक्त वाट पाहता येईल.

पाहा, 'माला अपुरी आहे' या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या होत्या. पहिल्या वजाबाकीचे काम आपले, दुसरीचे काम पायपिटीचे आणि तिसरीचे काम लेखकाचे. पहिली वजाबाकी शून्यापेक्षा मोठी असताना आपण लेखकाला दोष देत बसलो, तर तो न्याय होणार नाही!

रिकाम्या चौकटीचा उपयोग

साध्या यादीतला मुख्य दोष असा, की ती असलेल्या गोष्टी दाखवते आणि नसलेल्या दाखवत नाही. कपाटात १, २ आणि ४ हे खंड शेजारी उभे असले, तर मधली जागा रिकामी राहत नाही. दुसरा आणि चौथा खंड एकमेकांना चिकटून बसतात आणि तिसरा नाही हे डोळ्यांना दिसतच नाही.

हीच अडचण रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांच्यापुढे होती. १८६९ साली त्यांनी त्या वेळी माहीत असलेली मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने, गुणधर्मांचे साम्य पाहून मांडली. नुसत्या क्रमाने मांडली असती, तर पुढचे मूलद्रव्य सरकून मागच्याला चिकटले असते आणि सगळा मेळ बिघडला असता. मेंडेलीव्ह यांनी धाडस केले. जेथे मेळ बसेना तेथे त्यांनी चौकट रिकामी सोडली आणि येथे बसणारे मूलद्रव्य अजून सापडायचे आहे, असे सांगितले. १८७१ साली तर अशा तीन मूलद्रव्यांचे गुणधर्मही त्यांनी वर्तवले. त्यांना त्यांनी तात्पुरती जी नावे दिली, त्यांत आपला संस्कृत 'एक' हा शब्द आहे : एकबोरॉन, एकअ‍ॅल्युमिनियम आणि एकसिलिकॉन, म्हणजे त्या त्या मूलद्रव्याच्या पुढचे पहिले.

पुढे १८७५ साली गॅलियम, १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले आणि तिन्ही चौकटी भरल्या. एकसिलिकॉनचा अणुभार सुमारे ७२ असेल असे मेंडेलीव्ह यांनी म्हटले होते; जर्मेनियमचा अणुभार ७२.६ आहे.

रिकामी चौकट म्हणजे माहितीचा अभाव नव्हे. काय शोधायचे आहे, याची ती माहिती असते. म्हणून ग्रंथमालेचे नाव लिहिताना तिच्यापुढे सातही चौकटी आखा, न आलेल्या खंडांच्यासुद्धा. खंड प्रसिद्ध झाला, की चौकटीत वर्ष लिहा. हाती आला, की एक तिरकी रेघ ओढा. वाचून झाला, की दुसरी रेघ ओढून फुली पूर्ण करा. चारही आकडे एका दृष्टिक्षेपात दिसतील.

रंगनाथन यांची कार्डे

चौकट आखली, पण तिच्याकडे पाहायची आठवण कोण करून देणार? या प्रश्नाचे सुंदर उत्तर एका भारतीय माणसाने दिले आहे. शियाली रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ साली प्रसिद्ध केली. त्यांतील चौथे सूत्र सांगते, की वाचकाचा वेळ वाचवा.

मोठ्या ग्रंथालयात शेकडो नियतकालिके येतात. आलेला अंक समोर असतो, त्याची नोंद करणे सोपे. पण जो अंक टपालात गहाळ झाला, त्याची नोंद कशी करणार? तो तर 'मी आलो नाही' असे सांगायला येत नाही. रंगनाथन यांनी यासाठी तीन कार्डांची पद्धत बसवली. त्यांपैकी तपासणीचे कार्ड आपल्या कामाचे आहे.

प्रत्येक नियतकालिकाचे एक कार्ड करायचे. ही कार्डे नावांच्या क्रमाने लावायची नाहीत. पुढचा अंक ज्या आठवड्यात यायला हवा, त्या आठवड्याच्या खुणेमागे ठेवायची. अंक आला, की कार्डावर नोंद करायची आणि कार्ड उचलून त्यापुढील अंकाच्या आठवड्यात टाकायचे. आठवडा संपला, की त्या खुणेमागे कोणती कार्डे उरली ते पाहायचे. जी उरली, त्यांचे अंक आलेले नाहीत! काही शोधावे लागत नाही. जे यायचे राहिले, ते आपोआप मागे राहून नजरेस पडते.

आपल्या ग्रंथमालांसाठी आठवड्याऐवजी तीन महिन्यांची खूण पुरे. पुढील खंड येण्याचा अंदाज असेल, त्या तिमाहीच्या मागे कार्ड ठेवावे. तिमाही संपली आणि कार्ड तेथेच असले, तर ग्रंथपालांकडे एकदा चौकशी करावी आणि कार्ड पुढे सरकवावे.

'एकूण' हा आकडा पेन्सिलने लिहा

चार आकड्यांपैकी पहिले तीन निश्चित असतात. चौथा, म्हणजे एकूण खंडांचा, फसवा असतो. याचे एक प्रसिद्ध उदाहरण संगणकशास्त्रातले आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९६२ साली एक पुस्तक लिहायला घेतले. त्यात १२ प्रकरणे असणार होती. लिहिता लिहिता मजकूर इतका वाढला, की एका पुस्तकाचे सात खंड करायचे ठरले. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या नावाच्या या मालेचा पहिला खंड १९६८ साली, दुसरा १९६९ साली आणि तिसरा १९७३ साली आला. मग चौथा?

चौथा एवढा मोठा होऊ लागला, की त्याचेच तुकडे करावे लागले. त्यांतील काही मजकूर २००५ पासून लहान पुस्तिकांच्या रूपाने येत गेला. '४अ' हा खंड २०११ साली आणि '४ब' हा २०२२ साली प्रसिद्ध झाला. माला अजून पुरी झालेली नाही. मधल्या काळात नूथ स्वस्थ बसले होते असे समजू नका. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची अक्षरजुळणी त्यांच्या मनास येईना, म्हणून १९७७ पासून त्यांनी गणिती मजकूर छापण्यासाठी 'टेक्' नावाची संगणकप्रणाली रचली. आज जगभरचे गणितज्ञ आणि पदार्थवैज्ञानिक ती वापरतात.

आता थोडे गणित करू. दोन खंडांमधील अंतरे पाहा : १ वर्ष, ४ वर्षे, ३८ वर्षे आणि ११ वर्षे. त्यांची बेरीज ५४ आणि सरासरी साडेतेरा. पण यांतील एकही अंतर साडेतेरा वर्षांचे नाही! १९७३ साली एखाद्या वाचकाने आधीच्या दोन अंतरांची सरासरी काढून अडीच वर्षांनी ग्रंथालयात फेरी मारली असती, तर त्याला पुढे आणखी पस्तीस वर्षे वाट पाहावी लागली असती. दोन-चार आकड्यांची सरासरी काढून भविष्य वर्तवणे किती धोक्याचे असते, हे यावरून दिसते.

कधी लेखकच काम पुढे नेऊ शकत नाही. सोव्हिएत पदार्थवैज्ञानिक लान्दाऊ आणि त्यांचे सहकारी लिफ्शित्स यांची सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाची दहा खंडांची माला जगभर अभ्यासली जाते. जानेवारी १९६२ मध्ये लान्दाऊ मोटार अपघातात जबर जखमी झाले. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते पुन्हा संशोधन करू शकले नाहीत. १९६८ साली त्यांचे निधन झाले. राहिलेले खंड लिफ्शित्स यांनी पितायेव्स्की आणि इतर सहकाऱ्यांच्या मदतीने लिहिले आणि १९७९ साली दहावा खंड रशियन भाषेत प्रसिद्ध झाला.

आपल्याकडील मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा पुरा व्हायला २०१५ साल उजाडले. वाईला हे काम उभे करणारे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९९४ सालीच निवर्तले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या बृहत्कोशाचे काम १९४८ साली सुरू झाले, पहिला भाग १९७६ साली छापून आला आणि काम अद्याप चालूच आहे. काही ग्रंथमाला एका माणसाच्या आयुष्यात मावत नाहीत. त्या लिहिणाऱ्यांच्याही नाहीत आणि वाचणाऱ्यांच्याही नाहीत.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर होते. विश्वकोशाचा नवा खंड ग्रंथालयात आला, की ते तो चाळायला जात आणि एका कार्डावर चौकटीत फुली मारत. ते गेले, तेव्हा त्या कार्डावरील शेवटच्या काही चौकटी कोऱ्या होत्या. त्यांच्या मुलीने कार्डांची ती पेटी मला दिली. २०१५ नंतर मी उरलेल्या चौकटींत प्रकाशनाची वर्षे लिहिली. रेघा मात्र ओढल्या नाहीत. 'वाचला' ही खूण दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही.

रांगेचे गणित

आता यादीच्या लांबीकडे वळू. तिकिटाच्या रांगेपासून कारखान्यापर्यंत सर्वत्र लागू पडणारा एक सोपा नियम आहे. अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता प्रसिद्ध केली, म्हणून त्याला लिटल यांचा नियम म्हणतात. रांग फार वाढत नसेल आणि फार घटतही नसेल, तर

रांगेतील सरासरी संख्या = येण्याचा दर × थांबण्याचा सरासरी काळ

समजा, तुमच्या यादीत नेहमी २४ पुस्तके असतात. महिन्याला दोन नवी येतात आणि दोन वाचून होतात. मग एका पुस्तकाला सरासरी २४ भागिले २, म्हणजे १२ महिने थांबावे लागते. गंमत अशी, की पुस्तके कोणत्याही क्रमाने वाचली, तरी ही सरासरी बदलत नाही. जुने आधी घ्या वा नवे आधी घ्या. एकाचा वेळ वाचला, तर दुसऱ्याचा वाढतो.

आता समजा, त्या २४ पैकी १० खंड अजून प्रसिद्धच झालेले नाहीत. ते यादीत उगीच जागा अडवून बसले आहेत आणि यादी आहे त्यापेक्षा लांब दिसते आहे. ते बाजूला काढा. उरलेल्या १४ साठी थांबण्याचा सरासरी काळ ७ महिनेच आहे. म्हणून दोन गठ्ठे करावेत : 'वाचता येतील' आणि 'वाट पाहायची'. खंड प्रसिद्ध होऊन हाती आला, की त्याची नोंद दुसऱ्या गठ्ठ्यातून पहिल्यात न्यावी.

आणि महिन्याला तीन पुस्तके यादीत घालून दोनच वाचली तर? मग दर वर्षी यादी बारांनी वाढेल आणि तिला अंत राहणार नाही. टाकीत येणारे पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असले, की टाकी वाहणारच. अशा वेळी वाचन वाढवणे किंवा यादीतील नावे कमी करणे, हे दोनच उपाय आहेत.

नावे कमी करणे आपल्या जिवावर येते. म्हणून आणखी एक हिशेब करा. पंधरवड्याला एक पुस्तक, म्हणजे वर्षाला २६. साठ वर्षे नेमाने वाचले, तरी १,५६० पुस्तके होतात. तालुक्याच्या बऱ्याशा ग्रंथालयात याहून अधिक पुस्तके असतात. दहा खंडांची एक माला हाती घेणे म्हणजे या मर्यादित संख्येतून दहा जागा देऊन टाकणे. तेव्हा पहिला खंड आवडला नाही, तर कार्डावर 'सोडली' असे स्पष्ट लिहून ते पेटीतून काढावे. त्यात कमीपणा नाही. सोडलेली माला आणि विसरलेली माला या दोहोंत मोठा फरक आहे : एक आपण ठरवून सोडतो, दुसरी आपल्या नकळत सुटते.

विसरण्याची तरतूद

एक अडचण उरली. पुढचा खंड पाच वर्षांनी आला, तोपर्यंत मागचा आठवतो कोठे? जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला भराभर विसरते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. अर्थपूर्ण मजकूर निरर्थक अक्षरांपेक्षा अधिक टिकतो हे खरे, पण टिपण करायचे ते पुस्तक मिटताच, त्याच दिवशी करावे हे उत्तम. कार्डाच्या मागे तीन ओळी पुरेत : गोष्ट किंवा विषय कोठे थांबला, कोणते प्रश्न उरले आणि पुढच्या खंडात आपल्याला काय हवे आहे.

करून पाहा

पोस्टकार्डाएवढे जाड कागदाचे दहा तुकडे कापा. तुम्ही अर्धवट वाचलेल्या ग्रंथमाला आठवा आणि प्रत्येकीचे एक कार्ड करा. वर नाव लिहा, खाली चौकटी आखा, एकूण खंडांचा आकडा पेन्सिलने लिहा. मग तीन वजाबाक्या करा. त्यांतील पहिल्या वजाबाकीचे उत्तर किती कार्डांवर शून्य नाही, ते मोजा. जी माला अपुरी आहे असे तुम्ही समजत होता, तिचा एखादा खंड कदाचित तुमच्याच घरात, नाही तर शाळेच्या कपाटात तुमची वाट पाहत असेल.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गातील सर्वांची कार्डे एकत्र करून शाळेच्या ग्रंथालयातील खंडांशी ताडून पाहावीत. कोणत्या मालेतला कोणता खंड शाळेत नाही, याची यादी तासाभरात तयार होईल आणि पुढील खरेदीच्या वेळी ती ग्रंथपालांच्या हाती देता येईल. मी हे काम माझ्या घरच्या कपाटापासून सुरू केले आहे. तिसऱ्या खंडाचे कार्ड सध्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात चौकशी करण्याच्या तिमाहीमागे आहे. दुसऱ्या खंडाची जादा प्रत कोणास हवी असल्यास ती देण्यास मी तयार आहे.